भिंतीवरचा अधिक महिना

साडू या नात्यात तसं वाईट काही नाही, फक्त तो आपल्यानंतर येऊ नये. आधीचा साडू वडीलधारा असतो, त्याच्या चुका बघून आपण सुधारतो. नंतरचा साडू आपल्या चुका बघून सुधारूनच आलेला असतो, आणि सासुरवाडीला तो फरक पहिल्या चहातच कळतो.

माझा साडू अमित दोन वर्षांपूर्वी आला. अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. उंच आहे, डोक्यावर केस आहेत, आणि सासूबाईंना ‘आई’ म्हणताना त्याचा आवाज असा काही मऊ होतो, की आपण त्यांना आजवर नुसत्या हाकाच मारत होतो असं वाटावं. माझी बायको प्रतिभा थोरली, त्याची राखी धाकटी. सासऱ्यांना मुलगा नाही. त्यामुळे पंचवटीतल्या त्या घरात गॅसच्या नंबरापासून नळाच्या वायसरपर्यंत ‘जीवनरावांना विचारा’ असा रिवाज होता. जीवनराव म्हणजे मी. अमित आल्यापासून विचारायचं ते त्याला विचारतात आणि उचलायचं ते मी उचलतो.

मी मत्सरी माणूस नाही. हे मी प्रतिभाला अनेकदा सांगितलं आहे आणि दर वेळी ती नुसतं “बरं” म्हणते. त्या ‘बरं’चा मला मत्सरापेक्षा जास्त त्रास होतो.

यंदाच्या एप्रिलात सासूबाईंचं, म्हणजे मालनबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखाना मी शोधला, रिक्षातून नेलं-आणलं मी, डोळ्यांत थेंब घालायला कचेरीतून रजा घेतली तीही मीच. सगळं उरकल्यावर अमित आला आणि पिशवीतून त्याने वहीएवढी एक काळी सपाट पाटी काढली. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, त्याची गुंडाळी करून कपाटावर टाकली, आणि त्याच खिळ्याला ती पाटी लावून बटण दाबलं. पाटीवर बोटाएवढ्या उंच अक्षरांत उमटलं: ‘गुरुवार, ३० एप्रिल’. मराठीत. आकडेसुद्धा मराठी. खाली ‘सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे’.

“अगं बाई!” सासूबाई ओरडल्या. “मला दिसतंय की! चष्म्याबिगर दिसतंय! अमितराव, लय पुण्य लागंल तुम्हाला!”

म्हणजे डोळे झाले माझ्या रजेवर आणि दिसायला लागलं अमितमुळे. मी कोपऱ्यात थेंबांची बाटली घेऊन उभा होतो. बाटलीचं झाकण घट्ट बसत नाही असं काहीतरी मी म्हणालो, पण ते कुणी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून दूधवाला, बोहारीण, समोरच्या मंगलाबाई, वीजमीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना पाटी दाखवण्यात आली. “आमच्या अमितरावांनी बसवलंय. वाराबी सांगतंय, तारीखबी सांगतंय.” मलाही दोनदा दाखवली. ती लावताना मी तिथेच हजर होतो ही गोष्ट त्या विसरल्या होत्या.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण यंदा अधिक महिना होता. ज्यांना जावई होण्याचा योग आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्या महिन्यात लग्न, मुंज, वास्तुशांत सगळं बंद, आणि जावयाचं राज्य सुरू. त्याला लेकीसकट जेवायला बोलावतात, पाटावर बसवतात, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढतात, आणि तेहेतीस अनरशांचं ताट वर दिवा लावून त्याच्या हातात देतात. या मानाच्या जेवणालाच धोंडा म्हणतात, आणि त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात विष्णू. इतर दिवशी तो काय असतो ते मला विचारू नका.

आता माझी परिस्थिती बघा. मागच्याच्या मागचा अधिक आला तेव्हा करोना होता. सासूबाईंनी मोबाइलला ओवाळलं आणि माझे अनरसे मी स्क्रीनवर पाहिले. मागच्या अधिकात मला कावीळ झाली. डॉक्टरांनी तूप बंद केलं होतं, त्यामुळे ताट माझ्यासमोरून फिरवून आत नेलं आणि मला उसाचा रस दिला. म्हणजे हा महिना माझा होता, सहा वर्षांचा अनुशेष होता. आणि नेमका याच महिन्यात अमितचा लग्नानंतरचा पहिला धोंडा आला.

“पयला मान अमितरावांचा,” सासूबाईंनी फोनवर सांगितलं. “चांदीचा दिवा द्यायचाय त्यांना. तुमचं मग सवडीनं करू. तुम्ही काय, जुनं सोनं.” जुनं ते सोनं असं लोक नवीन घेऊन झाल्यावरच म्हणतात.

मी विचार करू लागलो. पाटीत काहीतरी उणीव असणारच, कारण ती अमितने लावली होती. पुढच्या भेटीत मी ती नीट वाचली आणि मला उणीव सापडली. पाटीवर ‘मे’ लिहिलं होतं. सासूबाईंचा आणि मे महिन्याचा संबंध काय? त्यांचे महिने चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. अमितने अक्षरं मराठी केली होती आणि महिना साहेबाचाच ठेवला होता. मी ठरवलं, पाटीवर ‘अधिक ज्येष्ठ, शके १९४८’ असं आणायचं, आणि माझ्या धोंड्याच्या दिवशी, ताट हातात आल्यावर, सगळ्यांसमोर जाहीर करायचं की हे मी केलं.

तारीख या विषयात माझा अधिकार मोठा आहे हे इथे नमूद करतो. मी एका सरकारी कचेरीत वरिष्ठ सहायक आहे. आवकचा शिक्का, जावकचा शिक्का, आज आलेलं पत्र परवा आल्याचं कसं दाखवावं आणि परवा आलेलं आज कसं, यात माझा हात धरणारं टेबल नाही. त्यामुळे दिनांकाचं स्वरूप बदलणं हे काही इंजिनिअरचंच काम आहे असं मला वाटलं नाही.

पहिला प्रयोग घरच्या संगणकावर केला. सेटिंगमध्ये ‘सानुकूल’ म्हणून एक जागा असते. तिथे दिवसासाठी, महिन्यासाठी, वर्षासाठी इंग्रजी अक्षरं टाकायची आणि आपल्याला हवी तशी तारीख घडवायची. काम सोपं आहे, फक्त त्या यंत्राला मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांच्यात फार भेदभाव. मी महिन्यासाठी लहान एम टाकला आणि पडद्यावर आलं ‘१९/४५/२०२६’. वर्षातला पंचेचाळिसावा महिना! बघतोय तोवर त्याचा सेहेचाळिसावा झाला. लहान एम म्हणजे मिनिटं, हे मला नंतर कळलं.

त्या वेळी आमच्या शेजारचे वाळूकाका साखर मागायला आले होते. एसटीतून निवृत्त झाले आहेत आणि सल्ला द्यायला कुठलाही विषय त्यांना वर्ज्य नाही. त्यांनी पडद्याकडे शांतपणे पाहिलं.

“मिनिटाला महिना बदलतोय,” ते म्हणाले. “पगारही तसाच होतोय का ते बघ. होत असला तर आहे तसंच राहू दे.”

मी दिवसासाठी मोठा डी टाकला. त्यातून ‘१३९ मे’ निघालं. वर्षाचा कितवा दिवस ते यंत्राने मोजलं होतं आणि पुढे मे चिकटवला होता. मग मी म्हटलं, आपण आता थेट तिथीच आणू. आकड्याच्या आधी स्वतःच्या हाताने ‘ज्येष्ठ शुद्ध’ हे शब्द टाइप केले. पडद्यावर झळकलं: ‘ज्येष्ठ शुद्ध १९’. मला इतका आनंद झाला की मी प्रतिभाला हाक मारली. पुढे सरकले ते वाळूकाका.

“अरे, पंधराच्या पुढे शुद्ध नसतं रे. पुढे वद्य लागतो. एकोणीस दिवस कोण शुद्ध राहतं?”

प्रतिभा दारातून म्हणाली, “आईच्या त्या घड्याळाशी तुमचं काय वैर आहे?”

“वैर नाही, सुधारणा आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

पुढचा सराव मी कचेरीत केला, कारण घरात एकाग्रता होत नाही. तिथे एक छोटी अडचण झाली. आमच्या पत्रांवरचा दिनांक संगणकातल्या दिनांकावरून आपोआप उमटतो, ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली नाही. परिणामी नाल्याच्या साफसफाईविषयीचं एक पत्र ‘ज्येष्ठ शुद्ध २०, शके १९४८’ या दिनांकाने वरिष्ठ कार्यालयात गेलं. तिथून ते परत आलं. सोबत शेरा: ‘सदर दिनांकाचा बोध होत नाही. तरी संबंधितांनी दिनांकाबाबतचा स्वयंस्पष्ट खुलासा तीन प्रतींत सादर करावा.’ खुलासा मीच लिहिला. त्यावरचा दिनांक मी दोनदा तपासून घातला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “खैरनार, घरी सगळं ठीक आहे ना?” माझ्या साडूच्या डोक्यावर केस आहेत हे त्यांना कसं सांगणार? मी “ठीक आहे” म्हणालो.

तिथीचा नाद सोडून मी नुसत्या महिन्यावर आलो. एका रविवारी सासूबाई देवळात गेल्याचं बघून पंचवटीला गेलो. सासरे मोतीराम गॅलरीत पेपर वाचत होते. ते पेपर वाचायला बसले की घरावर दरोडा पडला तरी मान वर करत नाहीत. मी पाटी उतरवली. पाटीने पिन मागितला. मी राखीचं जन्मवर्ष टाकलं, लग्नाचं वर्ष टाकलं, अमितच्या गाडीचा नंबर टाकला. पाटी कुलूपबंद झाली आणि म्हणाली, नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.

मी ग्राहक सेवेला फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. “सर, नोंदणीकृत ग्राहकाशी बोलायचंय आम्हाला.” मी म्हटलं, मी त्यांचा थोरला साडू. “तसा पर्याय आमच्याकडे नाही सर,” त्या म्हणाल्या. थोरल्या साडूचा पर्याय जगात कुणाकडेच नाही, हे मला त्या दिवशी अधिकृतपणे कळलं.

तेवढ्यात अमितचाच फोन आला.

“दादा, आईंच्या घड्याळाचा ओटीपी आलाय मला. तिथे कोणी आहे का?”

“मी आहे. धूळ पुसत होतो, हात लागला,” मी म्हणालो.

“असू द्या, सांगतो मी नंबर. काही मदत हवी का दादा? मी येऊ?”

“धूळ पुसायला दोन माणसं लागत नाहीत,” मी म्हणालो. त्याने आकडे सांगितले. सांगताना तो हसला नाही, याचा मला राग आला. हसला असता तर जरा बरं वाटलं असतं.

शेवटी मी तारखेच्या खालच्या ओळीत टाइप केलं, ‘अधिक ज्येष्ठ, शके १९४८’. सुंदर दिसत होतं. पाटी खिळ्याला लावून मी दोन पावलं मागे गेलो आणि बराच वेळ बघत राहिलो. वरच्या ओळीत वार बदलतो, तारीख बदलते, तर खालची ओळही आपली वेळ झाली की बदलेल, अशी माझी समजूत होती. यंत्राला एकदा वाट दाखवली की पुढचं ते बघतं, असं आमच्या कचेरीतल्या संगणक प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्या प्रशिक्षणात मी मागच्या रांगेत होतो.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“अवं जीवनराव, पाटीवर अधिक ज्येष्ठ आला! अमितरावांनी घरी बसल्या बसल्या टाकला! काय डोकं हाय हो त्या माणसाला!”

“आई, ते खरं म्हणजे...”

“तुम्हीबी येऊन बघून जा एकदा,” असं म्हणून त्यांनी फोन मंगलाबाईंच्या हातात दिला.

मंगलाबाईंशी दोन शब्द बोलून मी फोन ठेवला. माझ्या धोंड्याच्या दिवशी जाहीर करायचं हा बेत पक्का होता, आणि आता तर त्याला अधिकच रंग चढणार होता.

अमितचा धोंडा थाटात झाला. आम्हालाही बोलावलं होतं, मला टेबल सरकवायचं काम होतं. चांदीचा दिवा, सफारीचं कापड, ताटात अनरशांचा डोंगर. कुंकू लावताना सासूबाई म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांसाठी केवढं केलंत तुम्ही. वर महिनासुदीक टाकलात.”

“नाही आई, महिना मी नाही टाकला,” अमित म्हणाला.

“बघा!” सासूबाई सगळ्यांकडे वळल्या. “करून नाय म्हणतात. असा गुण लागतो.”

अमितने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याच्या वातीकडे पाहिलं. खरं बोलूनही ज्याचं कौतुक होतं अशा माणसाचं काय करावं? माझ्या पानात धोंडे वाढले होते, पण अनरसे दोनच. पाहुण्यांना दोनच देतात.

मग मी वाट बघायला लागलो. जावयाने धोंड्याचं आमंत्रण मागायचं नसतं, ते यावं लागतं. प्रतिभा स्वतःच्या आईलाही आठवण करायला तयार नव्हती. एका रविवारी सासूबाईंची बहीण आली. मग अनरशाचं पीठ बिघडलं. “काय घाई हाय, महिना पडलाय सगळा,” असं त्या म्हणायच्या आणि पाटीकडे बोट दाखवायच्या. पाटी अधिकच म्हणत होती. मे जाऊन वर जून आला तेव्हा मी मुद्दाम जाऊन बघितलं. मेचा जून आपोआप झाला होता. माझी समजूत आणखी घट्ट झाली.

अखेर आमंत्रण आलं. आणि नेमकं त्याच रविवारी कचेरीने जनगणनेचं प्रशिक्षण लावलं. गैरहजर राहिल्यास कारवाई. आधीच्या खुलाशाच्या तीन प्रती अजून फिरत होत्या, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मी घाबरत सासूबाईंना फोन केला.

“आई, पुढचा रविवार चालेल का? महिना असेल ना तोवर?”

“थांबा, बघून सांगते,” त्या म्हणाल्या. चपलांचा आवाज आला. “हाय की! चांगलं ठळक लिवलंय, अधिक ज्येष्ठ. या पुढच्या रविवारी.”

प्रतिभा म्हणाली, “अहो, आमच्या ग्रुपवर आलंय, सोमवारी संपतोय अधिक.”

“ग्रुपवर काहीही येतं. हळद लावून मुतखडा जातो असंही येतं. आई पाटी बघून सांगतायत!”

मी स्वतः टाइप केलेल्या दोन शब्दांचा आधार घेऊन मी बायकोला गप्प केलं. त्या वेळी ते दोन शब्द मला सरकारी राजपत्राइतके पक्के वाटत होते.

तो रविवार उजाडला. सिंहस्थासाठी पंचवटीतले निम्मे रस्ते खणून ठेवलेले, त्यामुळे स्कूटर लांब लावून आम्ही पायी गेलो. नवा कुर्ता, नवं धोतर नाही पण इस्त्रीचा पायजमा. घरात तुपाचा वास सुटला होता. पाट मांडला होता, भोवती रांगोळी. अमित-राखी आधीच येऊन बसले होते. मला पाटावर बसवलं. सासूबाईंनी कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. अनरशांचं ताट त्यांच्या हातात, त्यावर दिवा. मी घसा खाकरला. भाषण तयार होतं, पहिलं वाक्य ‘त्या पाटीविषयी एक खुलासा करायचा आहे’ असं होतं.

आणि खाली गल्लीत बँड वाजायला लागला.

सासूबाई थबकल्या. “वरात? अधिकात वरात? कुणाचा धरम बुडाला म्हणायचा!” ताट तसंच हातात धरून त्या गॅलरीत गेल्या. मी पाटावरून मान लांब केली. घोड्यावर नवरदेव होता, पुढे पोरं नाचत होती.

“अरं मेल्यांनो!” सासूबाई वरून ओरडल्या. “अधिक महिन्यात लगीन लावताय? लाजा नायत?”

बँड जरा कमी झाला. फेटा बांधलेला एक माणूस वर बघून म्हणाला, “मावशी, अधिक सोमवारीच सरला की! तुमच्याकडं अजून चालूय व्हय?”

वरातीत हशा पिकला आणि बँड पुन्हा सुरू झाला. सासूबाई आत आल्या. त्यांनी पाटीकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ‘रविवार, २१ जून’. आणि खाली, जरासुद्धा न लाजता, ‘अधिक ज्येष्ठ, शके १९४८’.

“संपलाच तो,” सासरे पेपरामागून म्हणाले. “पेपरात आलं होतं.”

“मग बोलला का नाय तुम्ही?”

“मला विचारतंय कोण?” असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

सासूबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. दिवा उचलून देवापुढे नेऊन ठेवला. “आता हे वाण देता यायचं नाय. तीन वर्सांनी,” त्या हळूच म्हणाल्या. मी कपाळाला कुंकू लावून पाटावर बसलो होतो. विष्णू होता होता राहिलेला माणूस कसा दिसतो ते बघायला तिथे आरसा नव्हता, हे एक बरं.

मग त्या पाटीकडे वळल्या. “ह्या मेलीनं घात केला बघा. माझ्या जावयाचा घास घालवला.”

अमित उठून उभा राहिला.

“आई, चूक माझी आहे. पाटी मी लावली. महिना बदलतोय की नाही हे बघायला हवं होतं मी. दादांचा मान माझ्यामुळे गेला. मला माफ करा, दादा.”

आणि त्याने हात जोडले. त्या मऊ आवाजात. सासूबाईंच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं. “असूंद्या हो, अमितराव. माणूस चुकतोच. पण चारचौघांत कबूल करायला काळीज लागतं.” राखी त्याच्याकडे अभिमानाने बघत होती. सासऱ्यांनी चक्क पेपर खाली केला. आणि प्रतिभा, माझी प्रतिभा, त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती जी नजर मी आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही शोधून थकलो आहे.

महिना मी टाकला तर कौतुक त्याचं. महिना चुकला तर चुकीचंही कौतुक त्याचंच! मला राहवलं नाही.

“त्यानं काही केलेलं नाही!” मी पाटावरून ओरडलो. “हे मी केलंय! मी! या बोटांनी! ही चूक शंभर टक्के माझी आहे, त्याला ही जमलीसुद्धा नसती!”

खालचा बँड तेवढा वाजत होता. मग मी सगळं सांगितलं, लहान एम, मोठा डी, ओटीपी, धूळ. मला थांबता येईना.

“दादा, कशाला बोललात?” अमित हलक्या आवाजात म्हणाला. “मी निभावून नेलं होतं की.”

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने मला सांभाळून घेतलं होतं. याच्याइतका अपमान माझा कुणी केला नव्हता.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली.

“जीवन,” त्या म्हणाल्या.

‘राव’ नव्हतं. मी वर पाहिलं.

“ऊठ त्या पाटावरनं. आत ये.”

मी उठलो आणि त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी ताट आत आणून ओट्यावर आदळलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात.

“पोटच्या पोरानं करावा तसला गाढवपणा केलास. आता पोटच्या पोरासारखं गिळ. बस खाली. जावयाला महिना लागतो, दिवा लागतो. तुला काय लागतंय?”

मी सिलिंडरला टेकून फरशीवर बसलो. त्यांनी स्टीलच्या ताटलीत अनरसे ओतले, वर तुपाची वाटी उपडी केली आणि कुंकवाचा माझा मळवट पदराने पुसून टाकला. “आन पुन्यांदा त्या पाटीला हात लावलास तर तंगडं मोडीन,” त्या म्हणाल्या आणि धोंडे तळायला वळल्या.

दारात अमित येऊन उभा राहिला होता.

“आई, मी पण आत बसू का?”

“छे छे! तुम्ही जावई माणूस, अमितराव. तुम्ही भाईर पाटावर बसा. राखी वाढंल तुम्हाला.”

तो गेला नाही. कधी माझ्या ताटलीकडे बघत होता, कधी सासूबाईंच्या पाठीकडे. त्याचा चेहरा मी नीट निरखून पाहिला. त्याच्यावर जे होतं ते मला चांगलं ओळखू येत होतं, दोन वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं.

मी एक अनरसा उचलला, तुपात फिरवला आणि त्याच्या देखत अगदी सावकाश खाल्ला.